माळणीला विकलेला

त्या वर्षी वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ लागली होती. लढाई कुणाची, कशासाठी, हे धामणखेडात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण कापूस महागला तशी लोकांना आपली नाती आठवायला लागली, हे मात्र खरं. एरवी बांध कोरण्यापुरती असलेली भाऊबंदकी आता थेट पणजोबापर्यंत जाऊन पोचली.

धामणखेडचे भगवंतराव पाटील चैत्रात वारले. पाटीलकी आणि वतनाची पस्तीस एकर काळी आता त्यांच्या मुलाच्या, नत्थुजीच्या, नावावर चढायची. चाळीस वर्षं तो त्याच घरात वाढलेला, त्याच मातीत राबलेला. यात अडचण ती कसली? पण चुलतभाऊ पंजाबरावानं अमरावतीच्या कचेरीत अर्ज ठोकला की भगवंतकाका निपुत्रिक गेले, सबब वतन माझं. सोबत भाटाच्या वहीतल्या वंशावळीचा उतारा. त्यात भगवंतरावांच्या नावाखाली लिहिलं होतं: ‘संतान नाही.’

नत्थुजी आधी हसला. त्यानं नाशिकच्या उपाध्यायांकडून उतारा मागवला. आजोबांच्या अस्थी घेऊन भगवंतराव तिथं गेले होते, तेव्हा उपाध्यायांनी त्यांच्याच तोंडून लिहून घेतलं होतं: ‘भगवंतराव, पुत्र नत्थू.’

कचेरीतल्या कारकुनानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. माणूस पुण्याकडचा, चिडका, पण न्यायाचा.

“एक वही म्हणते मूल आहे, दुसरी म्हणते नाही. आणि खोटी यातली एकही दिसत नाही. असं का झालं ते शोधून आणा, मग बोलू.”

म्हणून नत्थुजी अकोल्याला गेला. तिकडच्या एका खेड्यात सूर्यभान भाट राहायचा. नत्थुजीच्या कुळाची वही त्याच्या बापानं लिहिलेली. सूर्यभाननं लाल फडक्यातून वही काढली, पान उघडलं आणि पाहुण्याकडे बघायचं टाळलं.

“तुमच्या वडिलानं असं कसं लिहिलं?” नत्थुजीनं विचारलं.

“माया बापानं तुमच्या दारात उभं राहून इचारलं, पाटलाले पोरबाळ काय? आतून पाटलीणबाई म्हने, घरात कोणी नाई. अन् आतमंदी पाळण्यात तुमी रडून राहिले होते! बाप म्हने, मंग हे रडते कोन? तं म्हने, ते माळणीचं हाय.”

“अन् आमचे बावाजी, पाटील सोता? ते काई बोलले नाई?”

“खाली मान घालून बसले. बाप चार खेपा आला तुमच्या घरी. चारी खेपा तेच झालं.”

ही गोष्ट नत्थुजीला माहीत होती. गावात सगळ्यांनाच होती. त्याच्याआधीची तीन पोरं पाळण्यातच गेली. म्हणून हा जन्मला तेव्हा त्याच्या आईनं, गोदाबाईनं, त्याचं नाक टोचलं, उकिरड्यावर लोळवलं आणि गंगू माळणीला सूपभर ज्वारीला विकून टाकलं. पोरगं परक्याचं झालं की मरणाची नजर त्याच्यावरून निघून जाते, अशी रीत. वाढवायचं घरीच, पण आपलं म्हणायचं नाही. लग्नाच्या वेळी माळणीला लुगडं-चोळी देऊन पोरगं परत घ्यायचं. पण नत्थुजीच्या लग्नाआधीच गंगू पटकीनं गेली, आणि परत घ्यायचं राहूनच गेलं. त्याला गोदाबाई आजही ‘माळणीचा’ म्हणूनच हाक मारायची. लोकांना त्याचं हसू यायचं. नत्थुजीला कधीच आलं नाही. आपल्याला एकदा तरी तिनं ‘लेका’ म्हणावं, असं त्याला लहानपणापासून वाटायचं, आणि चाळिशीतल्या माणसानं असं वाटून घ्यावं याची लाजही वाटायची.

“खोडता येत नाई का?”

“भाटाची वही खोडत नसते. पन ज्या तोंडानं लिहवलं त्याच तोंडानं फिरवलं, तं खाली एक ओळ लिहीन मी.”

कारकुनालाही ते पटलं. म्हणाला, बाईंना घेऊन या, त्या सांगतील ते प्रमाण.

घरी आल्यावर नत्थुजीनं गंगूच्या मुलाला, शालिकरामाला, बोलावलं. तो भला माणूस. वांग्याच्या वाफ्यातलं पाणी तसंच सोडून आला.

“काकू, मायच्या जागी आता मी हावो,” तो म्हणाला. “घ्या तुमचं पोरगं परत. मले लुगडं नको, चोळी नको.”

गोदाबाई नाही-नाही अशी मान हलवत राहिली.

“गंगूनं घेतला होता, बाबू. तिनंच द्या लागते. ती आता कुठून येते?”

“माय, वतन जाते आपलं!” नत्थुजी ओरडला. “मी चाळीस वर्साचा झालो व! आता कोन नेऊन राहिलं मले?”

“चाल कचेरीत,” ती एवढंच म्हणाली. त्याला वाटलं, जमलं. माणूस आशेला किती लवकर भुलतो!

कचेरीत कारकुनानं तिच्या हातावर तुळशीचं पान ठेवलं. कोपऱ्यात पंजाबराव पागोटं सावरत उभा होता.

“बाई, देवाला स्मरून सांगा. हा नत्थू कोणाचा मुलगा?”

गोदाबाईनं नत्थुजीकडे पाहिलं. त्या बघण्यात इतकी माया होती की ते बघूनच निकाल लिहावा. पण बघण्याची नोंद कुठल्या वहीत होते? मग तिनं छताकडे, दाराकडे, अंगणाकडे नजर फिरवली, कुणी ऐकत तर नाही ना अशी.

“माळणीचा हाय,” ती म्हणाली. “गंगू माळणीचा. माया कोणी नाई तो.”

तिनं अंगठा उठवला आणि बाहेर जाऊन निंबाखाली बसली. पंजाबरावालासुद्धा मान वर करवेना.

कारकुनानं कोरा कागद पुढ्यात ओढला. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

“आता तुमचा जबाब,” तो म्हणाला. “त्यांनी शपथेवर सांगितलंय. तुम्ही वेगळं सांगितलंत तर दोघांतलं एक खोटं ठरणार. मग खोटी शपथ कुणाची, याची चौकशी होईल. मला ती टाळता येणार नाही. बोला, बापाचं नाव काय लिहू?”

नत्थुजीनं दारातून बाहेर पाहिलं. म्हातारी सावलीत टेकून बसली होती. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडावरची भीती उतरलेली दिसत होती. भर कचेरीत, सरकारसमक्ष, तिनं पोरगं वाचवलं होतं.

त्याचा राग आला तसाच विरघळून गेला. चौथं पोर जगवायला जिनं आपलं आईपण दडवलं, तिला खोटी पाडायची कशी?

“मायचं...” तो बोलून गेला.

कारकुनाची लेखणी थांबली. “कुणाचं?”

नत्थुजीनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

“पाटलीणबाईचं खरं हाय,” तो म्हणाला.