सित्तनाच्या सुंठीचा खल

मित्रांनो, मी बाभळीच्या बुंध्यातून कोरलेला एक जुना खल आहे. माझ्याने फार वेळ बोलवणार नाही. तीस वर्षं सुंठ कुटून माझा तळ झिजला आहे आणि अंगाला एक उभी चीर गेली आहे.

कसला नावाच्या आमच्या शहराच्या बाजारात, कडुनिंबाखाली, सित्तना कॉफी करून विकते. बिया भाजायच्या, माझ्यात सुंठीबरोबर कुटायच्या आणि मातीच्या चंबूत उकळायच्या. सुंठीवाचून कॉफी म्हणजे आमच्याकडे नुसतं काळं पाणी. लोक सित्तनाच्या हाताचं कौतुक करत. माझं नाव कोणी घेत नसे. त्याचीही सवय झाली.

गेल्या हिवाळ्यात सित्तना तापाने पडली. उठली, पण तिची चव आणि वास दोन्ही गेले. तिने कोणाला सांगितलं नाही. नुसत्या अंदाजाने ती रोज सुंठीचा एखादा तुकडा जास्तच टाकू लागली. मला कळत होतं, पण लाकडाला वाचा कुठली? गिऱ्हाइकं ठसकत, डोळे पुसत, "वा, छान!" म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या कॉफीवालीकडे जाऊन बसत.

एका सकाळी उंटांचा व्यापारी, म्हातारा ओशेक, एक घोट घेऊन म्हणाला, "सित्तना, कॉफी पाजतेस की खोकल्याचा काढा?"

"तुझाच घसा नाजूक झालाय म्हातारपणी!"

"माझा झालाय गं. पण बाकीचे कुठे गेले?"

सित्तनाने रिकाम्या स्टुलांकडे पाहिलं. बत्ता माझ्यातच थांबला.

"मला चव लागत नाही, ओशेकभाऊ," ती हळूच म्हणाली. "माती खाल्ली तरी कळायचं नाही. हे ऐकल्यावर इथे कोण बसेल?"

"मी बसलोय ना? टाक सुंठ. मी बस म्हणेन तिथे थांब."

"आणि तू उंट घेऊन गेलास म्हणजे?"

"जो समोर असेल त्याला विचार. लाजतेस कसली!"

तेव्हापासून ती रोज पहिल्या गिऱ्हाइकाला चव पाहायला लावते. एक म्हणतो वाढव, दुसरा म्हणतो कमी कर, आणि दोघांची जुंपते. निम्मी माणसं परतली. निम्मी नाहीच आली. तिची चवही आली नाही. बत्त्याच्या दोन घावांच्या मध्ये ती आता दम खाते, आणि मीही.

मित्रांनो, माझी चीर बुजवा असं मी म्हणत नाही. पण रोज ज्याच्या हातचं खाता-पिता, तो हात चुकू लागला तर गुपचूप उठून जाऊ नका. समोर बसून सांगा, आणि सांगून झाल्यावरही थोडं बसा.