श्वासाची ओल

प्रयोगशाळेत तिला सगळे भाचेबाई म्हणत. विभागप्रमुख तिचे सख्खे मामा, तेव्हा हे नाव चिकटणारच होतं. आधी त्यात टोमणा होता. मग सगळ्यांनी तिचा हात पाहिला आणि टोमण्यातली हवा गेली. सुईच्या टोकाला भुवईचा केस चिकटवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघत, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण ती अलगद उचलायची आणि सोन्याच्या पत्र्यावर ठेवायची. एवढी शिकलेली मुलगी दिवसभर धूळ उचलते हे तिच्या आईला काही केल्या पटत नसे. घरी साधं फडकं हातात घेत नाही, असं ती भावाला ऐकवायची.

आजचा कण यानाने धूमकेतूच्या शेपटीतून आणलेला होता. त्याच्यावर डांबरासारखं काळं कवच होतं आणि मामांचं अख्खं आयुष्य त्या कवचावर टांगलेलं होतं. हे कवच सूर्य जन्मायच्या आधीचं, ताऱ्यांमधल्या गारठ्यात तयार झालेलं, असं त्यांचं म्हणणं. ते खरं असेल तर त्यात जड हायड्रोजन भरपूर सापडणार. नाहीतर आपल्या पाण्यात असतो तेवढाच. बाकीच्यांनी त्यांना केव्हाच वेड्यात काढलं होतं. असा कण एकच हाती लागला होता, आणि मोजणारं मशीन त्याला थराथराने खरवडून संपवणार होतं. म्हणजे संधी एकदाच. त्यात मामांची नजर झपाट्याने चालली होती. पडद्यावरचे आकडेही त्यांना कुणीतरी वाचून दाखवावे लागत. पुरता अंधार व्हायच्या आत त्यांना उत्तर हवं होतं.

कवचाला ओल लागू नये म्हणून खोली ठणठणीत कोरडी ठेवली होती. पण कोरड्या हवेत स्थिर वीज माजते. कण केसावरून उतरायला तयार नव्हता. पत्र्याजवळ नेला की थरथरायचा आणि परत केसाला बिलगायचा, शाळेच्या दारात पोर आईला बिलगतं तसा.

मामा मागे खुर्चीत बसून होते. बसला का, त्यांनी विचारलं. बसतोय, ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग त्यांनी विचारणंच सोडून दिलं, आणि ते तिला जास्त जड गेलं. मान आखडली होती, डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात कण उसळला. शोधता शोधता तो पत्र्याच्या अगदी कडेला सापडला, अर्धा बाहेर लटकलेला. खाली पडला की फरशीवरच्या धुळीत आणखी एक धूळ. मग बसा जन्मभर शोधत.

तिने मास्क खाली ओढला आणि चष्म्याच्या काचेवर सोडतात तसा एक ऊबदार श्वास त्याच्यावर सोडला.

ही युक्ती मामांनीच शिकवलेली, उल्केच्या दगडी कणांसाठी. ओल लागली की वीज मरते आणि कण मुकाट बसतो. दगडाला ओलीचं सोयरसुतक नसतं, नंतर तापवला की झालं. वर्षानुवर्षं तिने दगडी कण असेच बसवले होते. आज समोर दगड नाही, कवच आहे, हे सवयीच्या हाताच्या ध्यानातच आलं नाही.

कण बसला. मास्क वर घेताना तिला उमगलं. श्वासातली ओल उडून जाते, पण जाण्याआधी त्या ओलीतला साधा हायड्रोजन कवचातल्या जड हायड्रोजनची जागा बळकावून बसतो. किती जागा, ते देवालाही सांगता यायचं नाही.

बसला, एवढंच ती म्हणाली. मामा मागे रेलले आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसले. त्या हसण्यापुढे तिची जीभ रेटेना. कदाचित काही बिघडलं नसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

मशीन चालवणाऱ्याने दुपारी आकडे वाचून दाखवले. जड हायड्रोजन साध्या पाण्याइतकाच होता.

मामांनी आकडे आहेत तसे कळवून टाकायला सांगितलं. आपल्याच अंगणातली धूळ निघाली, लोकांचं बरोबर होतं, म्हणाले. भाचीला म्हणाले, तू तरी या खुळापायी आयुष्य घालवू नकोस. भिंत चाचपत ते दाराकडे निघाले, आणि ते चाचपणं तिला बघवेना.

"मामा, मी मास्क काढला होता. श्वास सोडला त्याच्यावर. हा आकडा माझ्या श्वासाचा असेल."

ते वळले. ते फाडून खातील, आणि खाल्लं तरी त्यांचं चुकणार नाही, अशी तिची तयारी होती. पण त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे माझं चुकलं, असं काही नाही?"

"नाही."

"मग पुन्हा मोज ना. नीट, मास्क लावून."

मशीन मागे काही शिल्लक ठेवत नाही, हे ज्यांनी सगळ्यांना शिकवलं ते हे बोलत होते. मशीनवाल्याने मान खाली घातली.

"काही उरलं नाही, मामा."

"तू बघ तरी."

तिने पत्रा परत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चकचकीत सोनं होतं आणि त्यात एक खड्डा. मामा तिच्या खांद्याशी येऊन उभे राहिले.

"दिसतंय काही?"

"बघते," ती म्हणाली, आणि त्या खड्ड्याकडे बघत राहिली.