ताडाच्या मेणाची डबी

जैन साध्वी महासतीजींच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, काळ्या रानाला उन्हाळ्यात पडाव्यात तशा. चातुर्मास संपला. आज गोचरी, म्हणजे घरोघरची भिक्षा, झाली की त्यांचा पायी विहार धुळ्याकडे, अनवाणी. हे ऐकल्यापासून रिद्धीच्या जिवाला थारा नव्हता. जळगावच्या एका जैन घरातली ही धाकटी सून. काल संध्याकाळी तिने ताडाच्या पानावरचं मेण एरंडेलात वितळवून मलम केलं, डबी काठोकाठ भरली. परदेशी ताडाचं हे मेण. बाजारातल्या सफरचंदावर तेच चकाकतं, मोटारीच्या पॉलिशमध्येही तेच. माहेरी चोपड्याला केळीच्या पानामागची पांढरी भुकटी ती बोटाने पुसायची. तसंच हे, पानाने स्वतःच विणलेलं पांघरूण.

पण सकाळी आजेसासू लाडकुंवरने डबी हुंगली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बिनणी, याला मधाचा वास येतो."

"दादीसा, पाकिटावर ताडाचं लिहिलंय."

"लिहिणाऱ्याचं काय जातं? पोळं पिळून काढलेलं निघालं, तर त्या पायांना जीवहत्या आपण फासली."

रिद्धीने पाकीट पुन्हा वाचलं. पाकीट या वेळी नव्या दुकानातून आणलेलं. उरलेल्या चकत्या तिने वाटीत घातल्या, वाटी पाण्यात ठेवून गॅस लावला. मधमाशीचं मेण हळवं, लवकर पाघळतं. ताडाचं हट्टी, पाणी उकळीला टेकेपर्यंत दाद देत नाही.

नणंद पलकने थर्मामीटर पुढे केला. "भाभी, चॉकलेटच्या थर्मामीटरने पाप मोजणार?"

"गप गं."

साठ. पासष्ट. एका चकतीच्या कडेला काही लकाकलं. रिद्धीने वाकून पाहिलं. वाफेचा थेंब होता तो. सत्तर. चकत्या कोरड्या, कडक. ऐंशीच्या पुढे गेल्यावर कुठे त्यांचा धीर सुटला.

"ताड," पलक म्हणाली. "दादीसा, तुमचं नाक फेल."

"नाकही माझ्याच वयाचं आहे," लाडकुंवर म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला.

रिद्धीने गॅस बंद केला, हात पुसून कोरडे केले. पेटत्या चुलीपाशी, ओल्या हाताने दिलेलं महासतीजी घेत नाहीत.

त्या आल्या, सोबत दुसऱ्या एक साध्वी. पोळी घेतली, वरण घेतलं. मग रिद्धीने डबी पुढे धरली. "टाचांना लावायला. झाडाचंच आहे, तपासून पाहिलंय."

महासतीजींनी डबीकडे पाहिलं. मलम गुळगुळीत, एका बोटाचीही खूण नाही.

"घरात कोण लावतं हे?"

साधूसाठी म्हणून केलेलं साधूला चालत नाही. घराने घरासाठी केलेल्यातलंच थोडं त्यांचं. हे रिद्धीला लहानपणापासून ठाऊक होतं. माशीच्या भीतीत तेवढंच विसरलं होतं.

"माझ्यासाठी केलं म्हण," लाडकुंवर मागून पुटपुटली.

पांढऱ्या फरशीवर टाचेखाली रक्ताचा बारीक ठिपका उमटला होता. एक शब्द, आणि ती भेग आजच मिटायला लागली असती. महासतीजी शांत उभ्या होत्या. रिद्धी जे सांगेल ते त्या खरं मानणार होत्या.

"तुमच्यासाठीच केलं," रिद्धी म्हणाली.

"मग नको, बाई. तुझा भाव पोचला."

चवड्यांवर भार देत त्या जिना उतरल्या.

"एका शब्दाचं काम होतं," लाडकुंवर म्हणाली.

"त्यांनी विश्वास ठेवला असता, दादीसा."

दुपारी मुक्कामाच्या जैन स्थानकातून साध्वी निघाल्या, तेव्हा लाडकुंवरने चपला दारातच काढल्या आणि तापल्या डांबरावरून त्यांच्यामागे चालू लागली. रिद्धीला तिने हाक मारली नाही. रिद्धीने आपल्या चपला तिच्या चपलांशेजारी ठेवल्या, आणि चार हात अंतर राखून तीही निघाली.