चांद्याच्या गळ्यातलं लोढणं

चांद्याच्या गळ्यात लोढणं बांधायला चौघं जण लागले, आणि त्या चौघांत बैलाचा धनी गेणूही होता. खरं तर एकट्या गेणूनं ते काम केलं असतं. बैलानं आपण होऊन मान पुढं केली होती. पण चांद्या मारका आहे असं गावानं ठरवलं होतं, म्हणून बाकीचे तिघं कासरे ताणून लांब उभे होते. बाभळीचा ओंडका बैलाच्या गुडघ्यांवर आपटायला लागला, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते चिलमीकडं वळले.

"दिसतंय गरीब, पर आतल्या गाठीचं हाय," रखमाजी आबा म्हणाले. "तुज्या कस्तुरेचा हात मोडला त्येनं. आता आवणीला बाया खाचरात वाकलेल्या असत्यात. कुनाच्या पोटात शिंग घातलं मंजी?"

रखमाजी आबा टाकव्यातले जाणते. भाताच्या लावणीला सगळा गाव बैलांसकट एकमेकांच्या खाचरात उतरायचा, आणि ती सावड आबांच्या शब्दावर चालायची.

"मंग काय करायचं?" गेणूनं विचारलं.

"येत्या बाजारी चाकनला न्यायचा. मारका बैल शेतकरी घेत न्हाई. खाटीक घील."

आठवड्यापासून पाऊस धरून होता आणि चिखलात उभा चांद्या गेणूचाच हात चाटत होता.

हात मोडला त्या दिवशी लोणावळ्याला गवताची गाडी रिकामी करून गेणू परत निघाला होता. नव्या विजेच्या आगगाडीसाठी कान्ह्याचं फाटक बंद होतं, तेवढ्यात तो गुत्त्यात शिरला तो दिवस कलल्यावरच बाहेर आला. गाडीत आडवा झाला आणि बैलांनी त्याला घरी आणलं. त्याची बायको कस्तुराबाई चुलीशी वाकली होती. मागं वळूनही न बघता ती एवढंच म्हणाली, "जेवायला बसा, बैलांचं म्या बगते." त्यात राग येण्यासारखं काय होतं, ते गेणूला अजून सापडलं नव्हतं. दाराचा अडसर त्याच्या हातात आला आणि तिचा हात मोडला.

सकाळी शेजारची बयाबाई धावत आली, तेव्हा कस्तुराबाई म्हणाली, "चांद्यानं मारलं." मग बाया येत गेल्या आणि बैलानं शिंग कसं खाली घेतलं तेही ती सांगू लागली. सांगताना ती गेणूकडं बघत नसे. त्याला तेच जास्त लागायचं.

लोढणं बांधून तो घरात आला. बांबूच्या कामट्यांत बांधलेला हात पोटाशी धरून ती तांदूळ निवडत होती.

"कस्तुरे, चांद्या खाटकाकडं चाललाय."

"कळलं."

"काय करू म्या?"

"तुमच्या आबरूसाटी म्या त्येचं नाव घेतलं," ती म्हणाली. "आता त्येच्यासाटी काय करायचं, ते तुमी बगा."

गेणू तसाच चावडीवर गेला. चारसहा माणसं घोंगड्या पांघरून बसली होती.

"आबा, बैलानं न्हाई मारलं. म्या मारलं."

आता आबा तोंडावर थुंकतील, सावडीतून काढतील, तिच्या भावांना बोलावणं धाडतील, असं धरून गेणू उभा राहिला. त्याला ते हवंच होतं.

"पिऊन व्हतास?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"मंग आसं सांग की. दारूनं मारलं म्हन. तू कुटं तसा हाईस?"

"न्हाई आबा. दारू व्हती, पर सुदबी व्हती. राकेलची चिमनी मधी व्हती. लवंडंल म्हनून आदी कोनाड्यात ठिवली. मंग मारलं."

"बगा, पिऊनबी घराची काळजी हाय गड्याला," हौशीराम म्हणाला आणि चावडी हसली.

आबा मात्र रागावले. "आदी सांगायला काय झालं व्हतं रं तुला? मुक्या जनावराला उगा बट्टा लावलास." ते स्वतः उठले, गेणूच्या दारात आले आणि लोढणं सोडून चांद्याची मान चोळू लागले. बयाबाईनं भाकरीवर गूळ ठेवून आणला, बैलाच्या पाया पडली. चावडीवरची गोष्ट सगळ्या आळीनं तिखटमीठ लावून ऐकली. कस्तुराबाई उंबऱ्यात उभी होती. तिला ओलांडून माणसं गोठ्यात जात होती.

मग हौशीराम चांद्याला आपल्या खाचरात घेऊन गेला, त्याच्यामागं बाया गेल्या. दार मोकळं झालं.

"म्या सांगून टाकलं," गेणू म्हणाला. "तुज्या गळ्याशपत, आता शिवनार न्हाई दारूला."

"ऐकलं समदं, चिमनीचंबी." ती उंबऱ्यावर टेकली. "मला वाटायचं, पिऊन मारता त्या वक्ताला तुमाला काय बी कळत न्हाई. त्येच्यावर म्या एवढी वर्सं काढली."

गावानं आपल्याला चाबकानं फोडून काढलं असतं तर बरं झालं असतं, असं गेणूला वाटलं. पण गाव आवणीला निघून गेलं होतं.