सांध्यात गेलेली कचकच

मित्रांनो, मी घडीचा चाकू आहे. वय झाले, मूठ काळवंडली, पण माझे पाते अजून शाबूत आहे आणि जीभही तितकीच धारदार आहे. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझे पाते ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडले. गणेशपुरीजवळच्या एका लोहाराने ते तापवून ठोकले, शिसवी लाकडाची मूठ केली आणि दोघांना पितळेच्या खिळ्याने जोडले. त्या खिळ्याभोवती पाते उघडते आणि मिटते. तो माझा सांधा. पात्याचे कौतुक कोणीही करतो. सांध्याकडे बघायला मात्र अक्कल लागते, आणि ती फार थोड्यांकडे असते, हे मी अनुभवाने सांगतो.

राहीबाईंकडे ती होती. त्या भाजीचा मळा करत. दुधी, पडवळ, कारली मीच तोडत असे. धार लावायची झाली की त्या आधी माझ्या सांध्याभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळत. दगडावर घासताना पाण्यात जो करडा चिखल होतो ना, ज्याला त्या खर म्हणत, तो सांध्यात शिरू नये म्हणून. अकरा वर्षे मी त्यांच्याकडे होतो. एकदाही अडलो नाही.

मग त्यांचा मुलगा दीपेश काल्हेरच्या गोदामात कामाला लागला. खोक्यांच्या पट्ट्या कापायला उपयोगी पडेल म्हणून राहीबाईंनी मला त्याच्या हातात ठेवले.

"धार लावताना सांधा बांधून घे रे. खर गेली आत तं उघडणार न्हाय तो," त्या म्हणाल्या.

"आई, चाकू हाय तो, लहान पोर न्हाय," दीपेश हसला.

मित्रांनो, असे हसणारे लोक मला चांगले ओळखू येतात. त्यांना वाटते, काळजी घेणे हे म्हाताऱ्यांचे खूळ आहे.

दीपेशला धार लावायचा भारी शौक. जेवणाच्या सुट्टीत तो गोदामाच्या दारात बसायचा, मोबाइल खोक्याला टेकवून स्वतःचा व्हिडिओ काढायचा आणि मला दगडावर खसाखसा घासायचा. सांधा उघडाच. वर बाटलीभर पाणी ओतायचा, तेही मुठीकडे वाहील असे. चिखल थेट माझ्या खिळ्यापाशी जायचा. शेवटी मोठ्या ऐटीत मला खटकन मिटायचा, म्हणजे उरलीसुरली खरही आत दाबली जायची. मग एक कागद हवेत धरून उभा चिरायचा. बघणारे वाहवा करायचे. कागद! गोदामात दिवसभर जाड पुठ्ठा कापायचा, आणि या वीराची मर्दुमकी कागदावर.

महिन्याभरात मी कुरकुरू लागलो. उघडताना आतून कचकच आवाज यायचा. दीपेशने काय केले? जोर वाढवला. आवाज ऐकून थांबावे, एवढेही त्या डोक्यात आले नाही.

एका मंगळवारी सकाळी मेघाली माल सरकवणाऱ्या पट्ट्यावर खोकी ठेवत होती. निजामपुऱ्यातून रोज कामाला येणारी ही मुलगी कामात चोख होती. वाकताना तिच्या ओढणीचे टोक पट्ट्याखालच्या रुळात गेले. रूळ फिरत राहिला आणि ओढणी गळ्याभोवती आवळत गेली.

"दीपेशदादा! काप! काप ना!"

दीपेश दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने मला खिशातून काढले. पात्याच्या खाचेत नख घातले आणि ओढले. मी हललो नाही. त्याने पुन्हा ओढले. मी अर्ध्या बोटाएवढा उघडलो आणि तिथेच अडकलो. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो, पण सांध्यात महिन्याभराचा चिखल दगडासारखा बसला होता. मेघालीचे डोळे पांढरे झाले. दीपेश नुसता मला झटकत राहिला.

पलीकडून नवशामामा धावत आले. हे पूर्वी लूमवर जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे, होते, आता इथे माल उतरवत. त्यांनी भिंतीवरचे लाल बटण दाबले. पट्टा थांबला. मग कात्रीने ओढणी कापली. मेघाली खाली बसली आणि कितीतरी वेळ खोकत राहिली. गळ्याभोवती लाल वळ उठला होता.

आणि दीपेश काय म्हणाला असेल?

"हा चाकूच बेकार आहे यार. पुराना माल."

त्याने मला भंगाराच्या पिंपात फेकले. स्वतःच्या हाताकडे एकदाही पाहिले नाही.

दोन दिवसांनी मेघाली कामावर परतली आणि सरळ त्या पिंपापाशी गेली. मला शोधून ती नवशामामांकडे आली.

"मामा, हा का नाही उघडला?"

मामांनी मला रॉकेलच्या डबीत बुडवले. हळूहळू हलवून काळी खर बाहेर काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"ह्यी बघ. ह्यी तुझ्या गल्याशी आलेली."

मेघालीने ती चिमटीत चोळून पाहिली. मग म्हणाली, "आता धार कशी लावायची ते दाखवा."

मामांनी सांध्यावर वायरची चिकटपट्टी गुंडाळली. पात्याचे टोक खाली आणि मूठ वर धरली, म्हणजे पाणी सांध्याकडे जाणार नाही. दगडावर पाणी थोडेच घेतले. घासून झाल्यावर मला उघडाच ठेवून पाणी टोकाकडे वाहील असे धुतले, फडक्याने कोरडे केले, मग पट्टी सोडली आणि खिळ्यावर लूमच्या तेलाचा एक थेंब सोडला. पुसल्याशिवाय मला मिटले नाही. पाच मिनिटांचे काम.

पुढच्या आठवड्यात दीपेश आला. "माझाच आहे ना तो? दे, मस्त धार काढून देतो."

"चिकटपट्टी आणलीस?" मेघालीने विचारले.

"कशाला?"

तिने गळ्यावरचा वळ दाखवला नाही, भांडली नाही. मला पुसून स्वतःच्या पिशवीत ठेवले आणि कामाला लागली. दीपेश रिकाम्या हाताने परत गेला. त्या दिवसापासून त्याचे व्हिडिओ बंद झाले, एवढे मात्र खरे. शहाणपण आले की लाज, ते मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी घडीचा चाकू असेल, तर धार लावण्याआधी त्याचा सांधा बांधा. धार लावून झाली की धुवा, पुसा, तेल द्या. तेवढी पाच मिनिटे तुमच्याकडे नसतील, तर चाकू बाळगू नका. भाजी दाताने तोडा.