दोनदा धरलेली माया

नवरा-बायको दोघंही शिवणकाम करायचे. घर पाहायला बायको एकटीच निघाली, कारण नवऱ्यासमोर गिऱ्हाईक बसलं होतं. जाता जाता तिने विचारलं, "अहो, आईंच्या खुर्चीची रुंदी किती धरू?"

"सव्वीस इंच," कात्री न थांबवता तो म्हणाला.

कंबरेचं हाड मोडल्यापासून सासूबाई चाकांच्या खुर्चीत होत्या. राहत्या भाड्याच्या घरात बाथरूमला पायऱ्या होत्या, त्यामुळे दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागे आणि मग तो उचलून नेई. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "घर कसलंही घ्या. पण बाथरूमला मी एकटी जाणार आणि कडी आतून मीच लावणार."

घर चांगलं निघालं. सुनेने सगळे नळ एकदम सोडून पाणी कमी होतं का ते पाहिलं, भिंतींवरून हात फिरवून ओल शोधली, कपाटं सरकवायला लावली. उंबरा कुठेच नव्हता. शेवटी तिने बाथरूमचं दार उघडून चौकटीत टेप धरला. मोकळी जागा सव्वीस इंच भरली. खुर्ची सव्वीस आणि वर इंचभर माया. "नाही जमायचं," असं घरमालकाला सांगून ती परतली.

माया म्हणजे कपडा बेतताना मापापेक्षा जास्त ठेवलेलं कापड. पुढे अंग सुटलं, तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो. शिंप्याच्या हाताला ही सवय इतकी लागते, की माप सांगताना जिभेवरही तीच येते.

"इंचभराने हुकलं," घरी आल्यावर ती म्हणाली. "माया कुठून आणू?"

नवऱ्याची सुई थांबली. "माया धरूनच सांगितलं होतं मी. खुर्ची पंचवीसच आहे."

"घ्या!" सासूबाई म्हणाल्या. "दोघांचीही माया उतू चालली, म्हणून मी आपली दाराबाहेर."

दुसऱ्या दिवशी खुर्चीसकट तिघंही गेले. सासूबाईंनी स्वतःच चाकं ढकलली. खुर्ची आत गेली, पण उघड्या दाराच्या फळीवर बोटं खरचटली. आत गेल्यावर दार लागेना. ते आत उघडणारं होतं आणि खुर्ची मध्ये येत होती.

"बोटांना माया लागते रे," त्या म्हणाल्या.

मुलगा खुर्ची मागे वळवू लागला. सुनेने त्याला थांबवलं. "दार बाहेर उघडलं तर? फळी बाहेरच्या भिंतीला टेकेल. तिची जाडी चौकटीत येणार नाही आणि दार आत खुर्चीला अडणारही नाही."

घरमालक कुरकुरला, "घर घेतल्यावर करा की हवं ते."

"आधी दार, मग बोलणी," सून म्हणाली.

घर बरेच दिवस पडून होतं. मालकाने सुताराला बोलावून दार फिरवून घेतलं, त्याला आतून ओढायला आडवी मूठ बसवली आणि कडी खाली, बसल्या हाताला येईल अशी लावली.

तिघंही पुन्हा आले. सासूबाई आत गेल्या. दार ओढल्याचा आवाज आला, मग कडीचा. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"मग, पसंत आहे ना?" मालकाने विचारलं.

मुलगा दाराकडे वळला. "आई, बरी आहेस ना?"

"हाका मारू नकोस," आतून उत्तर आलं. "मी सावकाश येईन. तोवर तुम्ही बोलणी उरका."