कोळसा तेवढाच, वाट लांब

ही गेल्याचं मला फोनवर कळलं. मी कारखान्यात चाचणीच्या खोलीबाहेर उभा होतो. आत बंद करून ठेवलेल्या गाडीला हिने तयार केलेला डबा बसवला होता. सकाळी हॉस्पिटलात हीच मला म्हणाली होती, "अहो, मला काय बघत बसलाय? मी कुठे पळून जातेय? जा, डब्याकडे बघा." म्हणून मी गेलो होतो. फोन मेहुणीचा होता. ती नुसतं "भावजी" म्हणाली, तेवढ्यावरून मी समजलो. मी निघालो तेव्हा मीटरचा आकडा मर्यादेच्या वर गेला होता. डबा नापास झाला होता. मी ते पाहिलं, पण त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

डबा म्हणजे काय ते सांगतो. गाडी नुसती उभी असली तरी उन्हाने टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. ती हवेत गेली की माणसांच्या छातीत जाते. म्हणून टाकीला नळी जोडून वाफ कोळशाच्या डब्यात नेतात. कोळसा ती धरून ठेवतो आणि गाडी सुरू झाली की इंजिन ती ओढून जाळून टाकतं. नवा नियम आला, मर्यादा कडक झाली आणि जुना डबा पुरेना. मोठा डबा बसवायला लहान गाडीत जागा नव्हती. ही इंजिनियर. हिने डबा तेवढाच ठेवला आणि आत एक भिंत घातली. त्यामुळे वाफेला एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत यावं लागतं. "कोळसा तेवढाच, वाट लांब," असं ही कोणालाही सांगत सुटायची. मी त्याच कारखान्यात फिटर. तो डबा मीच जोडला होता.

मी कामावर परत आलो तेव्हा साहेबांनी मला बसायला सांगितलं. "तुमच्यापुढे हे बोलणं जिवावर येतंय," ते म्हणाले, "पण आता एकच चाचणी. नाही जमलं तर बाहेरचा डबा विकत घेऊ. तो मावायला गाडीचा मागचा भाग कापावा लागेल, तो कापू."

म्हणजे हिचा डबा भंगारात जाणार होता.

बंद खोलीत गाडीतून किती वाफ सुटते ते मोजणारं मीटर मेहुणीच सांभाळते. आम्ही दोघांनी एकेक सांधा उघडून बघितला, नळ्यांना साबणाचा फेस लावून बघितला. कुठे एक बुडबुडा येईना. टाकीचं झाकणही नवं लावलं. गाडी आत ठेवली, खोली तापवली आणि आकडा आधीपेक्षाही वर गेला.

"ह्याला काय अर्थ आहे?" जेवायला बसल्यावर मेहुणी म्हणाली. "खोली तापायला लागली की लगेच आकडा चढतोय. अहो भावजी, टाकीतलं पेट्रोल तापायला किती वेळ लागतो! त्याच्या आधीच वाफ? टाकीला एवढी कसली घाई?"

तेवढ्यात गाड्या धुणारा आमच्या टेबलाशी आला. त्याला सगळे चकाचक म्हणतात.

"दादा, ताईंची गाडी पास झाली ना?"

"नाही रे."

"असं कसं? ह्या वेळी तर मी टायरांना दोनदा हात मारला होता. ताईंची गाडी ती, आत जाताना नवरीसारखी दिसायला नको?"

मेहुणीचा हात ताटातच थांबला. "कसला हात?"

"पॉलिशचा. एरवी एकदाच मारतो."

आमच्याकडे ही रीतच होती. चाचणीला जाणारी गाडी धुवायची, पुसायची, टायर काळेभोर करायचे. जुनी मर्यादा ढिली होती, त्यात सगळं खपून जायचं. चकाचकने बाटली आणली. मेहुणीने ती हुंगली आणि माझ्या नाकाशी धरली. रॉकेलसारखा भपकारा आला.

"वाळल्यावर वास येत नाही हो," चकाचक म्हणाला.

"वास जातो, पण ते टायरावरच राहतं आणि गरम झालं की निघतं. मी डब्याची वाफ म्हणून तुझं पॉलिश मोजत बसलेय!"

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे ताईंचा डबा मी पाडला?"

"तू नाही पाडलास," मी म्हणालो. "तू दुसरा हात मारला नसतास तर आम्ही अजून डब्यातच डोकं घालून बसलो असतो."

आम्ही तिघं बाटली घेऊन साहेबांकडे गेलो. बाहेरच्या डब्याची माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, बाटली हुंगली आणि फोन उचलून त्या माणसांना थांबायला सांगितलं. "करा आणखी एकदा. पण ह्या वेळीही नापास झाली तर?"

"तर ही बाटली मी पिते," मेहुणी म्हणाली. साहेबांना हसू आवरेना.

टायर साबणाने घासले आणि उरलंसुरलं पॉलिश उडून जावं म्हणून गाडी आवारात उन्हात उभी केली. कोणी सवयीने फडका मारू नये म्हणून चकाचक स्वतः राखणीला बसला. गाडी इतकी कळकट दिसत होती की फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "भंगारात काढली का?" चकाचक त्याच्यावर असा काही खेकसला की तो परत फिरकला नाही.

मग चाचणी. खोली तापली, निवली. मीटरची रेघ खालीच सरपटत राहिली. मेहुणीने आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्या पाठीत जोरात गुद्दा घातला.

"भावजी, निम्म्यालासुद्धा पोचला नाही! ताईने मारलं मैदान!"

चकाचकने फडका वर उडवला, तो दिव्यावर जाऊन अडकला. शेजारच्या शेडमधली माणसं धावत आली. साहेबांनी खोलीचं दार स्वतः उघडलं. ते मला म्हणाले, "आधी तुम्ही जा." मी आत गेलो आणि डब्यावर हात ठेवला. तो कोमट होता. "झालं बघ तुझं काम," मी म्हणालो. बाहेर ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

आता आमच्या प्रत्येक लहान गाडीत हिचा डबा बसतो. रस्त्यात एखादी उभी दिसली की मी उगाच जवळ जाऊन वास घेतो. वास येत नाही. मालक संशयाने बघतात आणि मी खुशीत पुढे जातो.

मोठ्या गाडीला दोन भिंतींचा डबा लागेल, असं ही म्हणत होती. त्याचं चित्र हिने सुरू केलं होतं, त्यात एकच भिंत काढून झाली आहे. दुसरी कुठे घालायची, ते मला आणि मेहुणीला अजून जमलेलं नाही.